विश्लेषण : हिमनदीचा वेग तिच्या तळाखालची जमीन कशी ठरवते? चंद्रपूरजवळचा खडक काय सांगतो?

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या विदर्भात एकेकाळी बर्फाचे जाड थर सरकत होते. नागपूरच्या मनीषनगरातून वर्धा मार्गाला लागले, की बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती करत साधारण तीन तासांत चंद्रपूर येते. तिथून पश्चिम-नैऋत्येला, पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडकावर समांतर ओरखडे उमटले आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सरकत्या बर्फाने काढलेल्या या रेघा आहेत. हिमनदी किती वेगाने पुढे जाईल, कधी थांबेल आणि कधी एकाएकी कोसळेल, हे तिच्याखालच्या जमिनीवर बरेचसे अवलंबून असते. हिमालयातल्या वस्त्यांपासून मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत अनेकांची सुरक्षितता त्याच्याशी जोडलेली आहे.

इरईच्या खडकात काय आहे?

ओदिशातील तालचेर भागात सर्वेक्षण करताना ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बारीक मातीत रुतलेले मोठमोठे गोटे आढळले होते. एवढे अवजड दगड आणि इतकी बारीक माती एकत्र आणणे वाहत्या पाण्याला जमत नाही. पाण्याचा जोर ओसरला, की आधी जड दगड खाली बसतात आणि गाळ पुढे जातो. त्यामुळे हे काम बर्फाचे असावे, असे त्यांनी १८५६ मध्ये मांडले. उष्ण कटिबंधातल्या भारतात बर्फ कुठून आला, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता.

१८७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांना इरईजवळ अधिक ठोस पुरावा मिळाला. तिथे गोट्यांवर ओरखडे होतेच, शिवाय गोट्यांच्या थराखालचा चुनखडकही घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एका दिशेने गेलेल्या रेघा होत्या. (चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी वेगळी, हे ठिकाण पैनगंगेच्या काठचे आहे.) त्या काळी भारताचा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, दक्षिण अमेरिका यांना जोडलेला होता. या महाखंडाला गोंडवाना हे नाव मिळाले, ते गोंड राजांच्या मुलखावरून.

इरईचे वैशिष्ट्य असे, की हिमनदीखाली असू शकणारे जमिनीचे दोन्ही मुख्य प्रकार इथे एकाच ठिकाणी आहेत. खाली टणक खडक आणि त्यावर बारीक माती व दगडगोट्यांचा मिश्र गाळ. आजच्या हिमनद्यांचा तळ शेकडो मीटर बर्फाखाली लपलेला असतो. इथे बर्फ गेला आणि तळ उरला.

हिमनदी सरकते म्हणजे नेमके काय होते?

हिमनदी तीन प्रकारे पुढे जाते. पहिला प्रकार म्हणजे बर्फ स्वतःच्या वजनाने आतून हळूहळू वाहतो. ताटात टाकलेला घट्ट मध जसा पसरतो, तसाच हा प्रवाह, फक्त अत्यंत संथ. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांनी १९५५ मध्ये प्रयोगांतून दाखवले, की बर्फावरचा ताण दुप्पट झाला तर त्याचा वाहण्याचा वेग दुपटीने नव्हे, साधारण आठपटीने वाढतो.

दुसरा प्रकार म्हणजे हिमनदीचा सगळा थर तळाच्या खडकावरून घसरतो. तिसऱ्या प्रकारात बर्फाखालचा ओला गाळच सरकतो आणि वरची हिमनदी त्याच्याबरोबर वाहून जाते. पहिल्या प्रकाराला मर्यादा आहेत. केवळ आतल्या प्रवाहाने फार मोठा वेग गाठता येत नाही. खरा फरक पडतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराने, आणि हे दोन्ही तळाच्या जमिनीवर अवलंबून असतात. हिमालयातल्या बहुतेक हिमनद्या वर्षाला काही मीटर ते काही दशक मीटर सरकतात. ग्रीनलंडमधल्या याकोब्सहावन हिमनदीने २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ४६ मीटर इतका वेग गाठला होता.

तळ गोठलेला की ओला?

हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. फ्रीजरमधून बर्फाचा ट्रे काढल्यावर तुकडे आधी सुटत नाहीत. ट्रेच्या पाठीवर नळाचे पाणी सोडले, की क्षणात सुटतात. तुकडा तोच, ट्रेही तोच. मधे पाण्याचा पातळ पापुद्रा आला एवढाच फरक. हिमनदीचेही तसेच आहे. तळ खडकाला गोठून चिकटलेला असेल, तर ती जवळपास केवळ आतल्या प्रवाहाने पुढे जाते. तळ ओला असेल तर घसरते.

वर उणे ३० अंश तापमान असताना तळाशी पाणी कसे? त्याची तीन कारणे आहेत. पृथ्वीच्या पोटातून सतत थोडी उष्णता वर येत असते आणि बर्फाचा जाड थर ती गोधडीसारखी अडवून धरतो. दुसरे, घसरताना घर्षणाने उष्णता निर्माण होते. तिसरे, वरच्या वजनामुळे बर्फाचा वितळणबिंदू किंचित खाली येतो. एक किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली तो एका अंशाहूनही कमी उतरतो, पण तळ वितळणबिंदूच्या काठावर असेल तर तेवढेही पुरते.

इरईच्या रेघा इथे बोलक्या ठरतात. बर्फ दगडापेक्षा मऊ असतो. तो स्वतः चुनखडकावर रेघ काढू शकत नाही. तळाशी अडकलेले खडे आणि वाळू हे काम करतात, सुताराच्या पॉलिश पेपरवरच्या कणांसारखे. पेपर जागचा हलला तरच लाकूड घासले जाते. म्हणजे खडक गुळगुळीत झाला आणि त्यावर रेघा आल्या, याचा अर्थ तिथला बर्फ खडकाला चिकटून न राहता तळाशी सरकत होता.

खडक टणक असेल तर बर्फ अडथळे कसे ओलांडतो?

खडकाचा तळ कधीच सपाट नसतो. उंचवटे, खाचा, पायऱ्या यांनी तो भरलेला असतो. अमेरिकी शास्त्रज्ञ जोहानेस वीर्टमन यांनी १९५७ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. उंचवट्याच्या पुढ्यात बर्फाचा दाब वाढतो, तिथे थोडा बर्फ वितळतो, ते पाणी उंचवट्याला वळसा घालून मागे जाते आणि दाब कमी होताच पुन्हा गोठते. शाळेतल्या प्रयोगात दोन्ही टोकांना वजने बांधलेली तार बर्फाच्या लादीतून आरपार जाते आणि लादी मात्र अखंड राहते. त्यामागेही हेच तत्त्व आहे.

ही युक्ती लहान उंचवट्यांना चालते. मोठे उंचवटे आले तर बर्फ त्यांच्याभोवती वाकून, वाहून जातो. अडचण होते ती मधल्या आकाराच्या, काही सेंटिमीटरपासून साधारण मीटरभरापर्यंतच्या उंचवट्यांची. वितळून-गोठून जाण्यासाठी ते मोठे पडतात आणि वाकून जाण्यासाठी लहान. हिमनदीला खरा ब्रेक लागतो तो त्यांच्यामुळे. घासून घासून खडक गुळगुळीत झाला, की हा ब्रेकही सैल होतो.

उंचवट्याच्या मागच्या बाजूला बर्फ आणि खडक यांच्यात पोकळी उरते. तिच्यात पाणी साचते. पाण्याचा दाब वाढला, की ते वरच्या बर्फाला अंशतः उचलून धरते. खडकाला टेकलेला भाग कमी होतो, घर्षण कमी होते आणि वेग वाढतो.

तळाशी गाळ असेल तर?

विदर्भात पहिला पाऊस झाला, की दुचाकीचे चाक मुरमाच्या रस्त्यावर टिकते आणि काळ्या मातीवर घसरते. मुरमातून पाणी खाली निघून जाते. काळ्या मातीचे कण अतिसूक्ष्म असल्याने पाणी आत अडकून पडते. कण एकमेकांना घट्ट टेकत नाहीत आणि माती आपली पकड सोडते.

हिमनदीखालच्या गाळात हेच घडते, तेही प्रचंड वजनाखाली. गाळात अडकलेल्या पाण्याचा दाब वरच्या बर्फाच्या वजनाच्या जवळपास पोहोचला, की गाळ चिखलासारखा मऊ होतो. पश्चिम अंटार्क्टिकातील व्हिलन्स या बर्फाच्या प्रवाहाचा उतार डोळ्यांना जाणवणारही नाही इतका कमी आहे, तरी तो वर्षाला शेकडो मीटर सरकतो. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूकंपलहरींच्या अभ्यासातून कळले, की त्याच्याखाली काही मीटर जाडीचा, पाण्याने भरलेला गाळाचा थर आहे.

हा प्रवाह सलगपणे सरकत नाही, हे आणखी एक आश्चर्य. समुद्राच्या भरती-ओहोटीच्या तालावर तो दिवसातून साधारण दोनदा झटका देतो. अर्ध्या तासात सुमारे अर्धा मीटर पुढे जातो आणि मग बराच वेळ थबकतो. तळाशी कुठेतरी पकड घट्ट असलेली जागा आहे. तिथे ताण साठतो आणि मग सुटतो.

त्याचा शेजारी असलेला कॅम्ब हा प्रवाह तर सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जवळपास थांबला. वरचे हवामान दोघांचे सारखेच. तळाचे पाणी दुसरीकडे वळले किंवा गोठले आणि गाळ कडक झाला, असे स्पष्टीकरण शास्त्रज्ञ देतात. एकमेकांशेजारच्या दोन प्रवाहांपैकी एक धावतो आणि दुसरा उभा राहतो, हा फरक तळात झालेल्या बदलाचा आहे.

पाणी वाढले की वेग वाढतच जातो का?

नाही. जुलै २००६ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावरील एक मोठे तळे तडा जाऊन दोन तासांच्या आत रिकामे झाले. सुमारे ४ कोटी ४० लाख घनमीटर पाणी जवळपास एक किलोमीटर जाडीच्या बर्फातून तळाशी पोहोचले. वरचा बर्फ मीटरभराहून अधिक उचलला गेला आणि काही काळ वेगाने सरकला. मात्र त्यानंतर तो पुन्हा पूर्ववत झाला.

याचे कारण शहरातल्या पावसाळी नाल्यांसारखे आहे. पहिल्या जोराच्या सरीत पाण्याला वाट नसते, ते रस्त्याभर पसरते. नाला मोकळा झाला, की तेवढेच पाणी पटकन निघून जाते. हिमनदीखालीही उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी विखुरलेले असते, दाब जास्त असतो आणि वेग वाढतो. पुढे वाहत्या पाण्याने बर्फात बोगदे तयार होतात, पाणी त्यातून वाहून जाते, दाब उतरतो आणि हिमनदी मंदावते. त्यामुळे एकूण पाणी किती यापेक्षा ते अडकून राहते की निघून जाते, हे महत्त्वाचे. हिवाळ्यात वरच्या बर्फाच्या वजनाने बोगदे पुन्हा मिटतात आणि पुढच्या वर्षी तेच चक्र सुरू होते.

तळ एकाएकी सुटला तर काय होते?

१७ जुलै २०१६ रोजी पश्चिम तिबेटमधल्या अरु पर्वतरांगेत एका हिमनदीचा खालचा भाग कोसळला. सुमारे ६ कोटी ८० लाख घनमीटर बर्फ दरीत पसरला. नऊ पशुपालक आणि त्यांची शेकडो जनावरे त्याखाली गाडली गेली. दोनच महिन्यांनी, २१ सप्टेंबरला, शेजारची हिमनदीही तशीच कोसळली. या दोन्ही हिमनद्या कड्याला लटकलेल्या नव्हत्या. त्यांचा उतार जेमतेम १२-१३ अंशांचा होता. एवढ्या सौम्य उतारावरून अख्खी हिमनदी सुटू शकते, असे फार कमी जणांना वाटत होते.

पुढे झालेल्या अभ्यासात तळाची जमीन हे एक मुख्य कारण म्हणून समोर आले. इथला खडक झिजून अतिशय बारीक माती तयार होते. हिमनदीच्या कडा आणि टोक खडकाला गोठून चिकटलेले होते. त्यांनी आतल्या भागाला बांधासारखे अडवले होते. वितळलेले पाणी आणि पाऊस आत झिरपत गेला, बारीक मातीत अडकला आणि तिची ताकद संपली. शेवटी कडांचा बांधही तुटला. २० सप्टेंबर २००२ रोजी रशियाच्या कॉकेशस पर्वतात कोल्का हिमनदी अशीच सुटली होती आणि शंभराहून अधिक जणांचा बळी गेला होता.

उत्तराखंडमधल्या चमोलीत ७ फेब्रुवारी २०२१ रोजी घडले ते थोडे वेगळे होते. तिथे बर्फाखालचा खडकच तुटला. रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर माल खाली आला. त्यात साधारण ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ होता. दोनशेहून अधिक जण मृत किंवा बेपत्ता झाले आणि तपोवनचा जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाला. सुरुवातीला 'हिमनदी फुटली' असे म्हटले गेले, पण घटनेचे मूळ बर्फाखालच्या खडकात होते.

हिमालयात लक्ष कसे ठेवले जाते?

उपग्रहाच्या छायाचित्रांवरून हिमनदीच्या पृष्ठभागाचा वेग मोजता येतो. २००० ते २०१७ या काळातील अशा चित्रांच्या अभ्यासातून दिसले, की आशियातल्या उंच पर्वतांतील बहुतेक भागांत हिमनद्या मंदावल्या आहेत. बर्फ पातळ झाला, की वजन कमी होते आणि पुढे ढकलणारा जोरही कमी होतो. मात्र काराकोरममध्ये काही हिमनद्या अनेक वर्षे शांत राहून एकाएकी धावू लागतात. हुंझा खोऱ्यातल्या शिस्पर हिमनदीने अशीच मुसंडी मारून शेजारच्या दरीचे पाणी अडवले. त्या तळ्याचे पाणी मे २०२२ मध्ये सुटले आणि हसनाबादचा पूल वाहून गेला.

उपग्रहाला तळ मात्र दिसत नाही. त्यासाठी बर्फावर जाऊन रडारने जाडी मोजावी लागते, भूकंपलहरींनी खालचा थर खडक आहे की गाळ हे पाहावे लागते किंवा गरम पाण्याने भोक पाडून उपकरण खाली सोडावे लागते. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने हिमाचल प्रदेशातील स्पिती भागात 'हिमांश' हे संशोधन केंद्र २०१६ मध्ये सुरू केले आहे. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या या केंद्रातून चंद्रा खोऱ्यातल्या हिमनद्यांचा अभ्यास होतो. हिमालयात हिमनद्यांची संख्या हजारोंत आहे. त्यांपैकी प्रत्यक्ष जाऊन तपासता येतात त्या मोजक्याच.

मुंबईच्या किनाऱ्याशी याचा काय संबंध?

पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दोन तृतीयांश आहे. ती पूर्ण वितळली तर जगभरातील समुद्राची पातळी सरासरी ६५ सेंटिमीटरने वाढेल, असा अंदाज आहे. तिची मुख्य अडचण तळाच्या आकारात आहे. तिच्याखालची जमीन समुद्रपातळीच्या खाली आहे आणि आतल्या बाजूला आणखी खोल होत जाते. उबदार समुद्राच्या पाण्याने पुढचे टोक मागे हटले, की ते अधिक खोल जागी येते, तिथे बर्फ अधिक जाड असतो आणि समुद्रात जाणाऱ्या बर्फाचे प्रमाण वाढते. मधे एखादी कडा किंवा उंचवटा असेल तर माघार काही काळ थांबू शकते.

थ्वेट्सने पूर्वी सोडलेला तळ २०१९ मध्ये पाण्याखालच्या स्वयंचलित यंत्राने तपासला. समुद्रतळावर १६० हून अधिक समांतर कंगोरे आढळले. भरती-ओहोटीबरोबर हिमनदीचे टोक रोज वरखाली होत मागे सरकत गेले, त्याच्या त्या खुणा होत्या. त्यावरून २०२२ मध्ये निष्कर्ष काढला गेला, की मागे कधीतरी काही महिने ती वर्षाला दोन किलोमीटरहून अधिक वेगाने मागे हटत होती. उपग्रहांनी अलीकडे नोंदवलेल्या वेगापेक्षा हा वेग जास्त आहे. मुंबई आणि कोकणातील बंदरे, खाडीकाठच्या वस्त्या, किनारी रस्ते यांचे पुढच्या शंभर वर्षांचे नियोजन करताना असे अंदाज वापरले जातात. समुद्र किती चढेल याच्या अंदाजात सर्वाधिक अनिश्चितता आहे ती अंटार्क्टिकाच्या बर्फाची, आणि तिच्या कारणांपैकी एक म्हणजे त्याच्या तळाची अपुरी माहिती.

मग इरईच्या खडकाचे महत्त्व काय?

थ्वेट्सच्या समुद्रतळावर जे केले गेले, तेच काम दीडशे वर्षांपूर्वी फेडन यांनी पैनगंगेच्या काठी केले होते. बर्फ निघून गेल्यावर उरलेली जमीन वाचणे, ही पद्धत दोन्हीकडे एकच. उंचवटे किती मोठे होते, खडक कुठे गुळगुळीत झाला, गाळ कुठे बसला, हे हातभर अंतरावरून मोजता येते ते अशाच जुन्या तळांवर. बर्फाखाली भोक पाडून एका ठिकाणचे जेमतेम काही सेंटिमीटर दिसतात. संगणकावर हिमनदीची प्रतिकृती चालवायची तर तळाचा खडबडीतपणा किती धरायचा, हे अशा उघड्या तळांवरून ठरवावे लागते.

इरईपासून जवळच घुग्घुसच्या कोळसा खाणी आहेत. या परिसरात कोळशाचे थर हिमकाळातल्या गाळाच्या वर येतात. बर्फ वितळल्यानंतर दलदली तयार झाल्या, त्यात वाढलेल्या वनस्पती गाडल्या जाऊन कोळसा झाला. आज वर्धा खोऱ्यातला हा कोळसा चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या प्रकल्पांत जळतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जगातल्या उरलेल्या बर्फाला तापवण्यात वाटा उचलतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हिमनदीचा तळ पाहण्यासाठी गंगोत्रीपर्यंत जाण्याची गरज नाही. तिथे तर तो बर्फाखालीच आहे. तो चंद्रपूर जिल्ह्यात उघड्यावर आहे. खाणकाम, बांधकाम आणि नदीकाठची झीज यांत अशा जागा एकदा गेल्या, की परत मिळत नाहीत. त्यामुळे त्यांची नोंद, फलक आणि संरक्षण यांचा प्रश्न केवळ पर्यटनापुरता राहत नाही.